वजनांचे कोडे

तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजने ठेवण्याची मुभा असल्यास १ ते ४० शेरांपर्यंतचा कोणताही पूर्ण शेरांचा माल कमीत कमी किती वजनांनी तोलता येईल, असा हा गणिती कूटप्रश्न आहे. लिओनार्दो फिबोनाची यांच्या १२०२ मधील ग्रंथात तो आढळतो. फ्रेंच गणितज्ञ क्लोद गास्पार बाशे (१५८१–१६३८) यांच्या १६१२ मधील कूटप्रश्नसंग्रहामुळे तो सर्वत्र परिचित झाला. ब्रिटिश अमदानीतील प्रमाण मापांत मण ४० शेरांचा असल्याने हे कोडे मराठी वाचकास एक मण धान्य तोलण्याचे म्हणूनही मांडता येते.

उत्तर चार वजने असे असून ती १, ३, ९ व २७ शेरांची असतात. प्रत्येक वजन मालासमोरच्या पारड्यात, मालाच्या पारड्यात किंवा बाजूला, अशा तीनच स्थितींत असू शकते. त्यामुळे चार वजनांच्या ८१ मांडण्या होतात. रिकाम्या तराजूची मांडणी वगळल्यास उरलेल्या ८० पैकी निम्म्या केवळ पारड्यांची अदलाबदल होत. म्हणून ४० वजनेच मिळतात. तीन वजनांनी याच रीतीने १३ पेक्षा अधिक मिळत नाहीत. एकाच पारड्यात वजने ठेवायची झाल्यास मात्र १, २, ४, ८, १६ व ३२ अशी सहा लागतात.

संगणकाकडून मांडणी शोधून घेताना संख्येस ३ ने पुनःपुन्हा भागतात. बाकी ० आल्यास ते वजन वापरत नाहीत. १ आल्यास ते समोरच्या पारड्यात ठेवतात. २ आल्यास मालाबरोबर ठेवून भागाकारात १ मिळवतात. उदा., २३ शेरांसाठी २७ समोर आणि ३ व १ मालाबरोबर येतात (२७ – ३ – १ = २३). मॉस्को विद्यापीठातील ‘सेतून’ (१९५८) हा संगणक याच समतोल त्रिमान पद्धतीवर आधारलेला होता.

मालाकडील भार वजा करण्याचे तत्त्व व्यवहारात अपरिचित नाही. भांड्याचा धडा करणे हे त्याचेच रूप होय. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील साखर कारखान्यांत भरलेल्या वाहनाच्या वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा करून उसाचे वजन ठरते व त्यावर शेतकऱ्याचे मोल अवलंबून असते. बाजारात मात्र ही चार वजने रूढ झाली नाहीत. कारण वजाबाकी गिऱ्हाइकास चटकन पडताळता येत नाही. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारल्यानंतर १, २, ५ या क्रमाची वजने प्रचारात आली. त्यांत केवळ बेरीज पुरते.

हे सर्व गणित दांडीच्या भुजा समान असल्यासच खरे ठरते. रिकामा तराजू समतोल असूनही भुजा असमान असू शकतात. अशा वेळी माल आळीपाळीने दोन्ही पारड्यांत तोलावा. दोन्ही वजनांच्या गुणाकाराचे वर्गमूळ हे खरे वजन होय. उदा., ८ व १२.५ किग्रॅ. आल्यास माल १० किग्रॅ. असतो. दोन्ही वजने वेगळी येणे हाच तराजूच्या खोटेपणाचा पुरावा होय.