मोटारीच्या इंजिनातील वायुप्रवाह संवेदकाचे दोषनिदान : एक विवेचन

प्रास्ताविक

घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव या परिसरातील रस्त्यांवर धावणाऱ्या डिझेल जीपगाड्यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. कॉमन रेल पद्धतीचे इंजिन आल्यापासून या गाड्यांच्या दुरुस्तीचे स्वरूप बदलले. गाडी ओढत नाही अशी तक्रार येते, स्कॅनरवर वायुप्रवाह संवेदकाचा, म्हणजे एअर फ्लो सेन्सरचा संकेतांक उमटतो आणि संवेदक बदलला जातो. पुष्कळदा त्यानंतरही दोष कायम राहतो. मालकाचे हजारो रुपये मात्र खर्ची पडलेले असतात. संकेतांक हे लक्षण आहे, कारण नव्हे, हे ध्यानी घेऊन निदानाचा क्रम कसा असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संवेदकाचे कार्यतत्त्व

एअर फिल्टरच्या लगत पुढे बसविलेला हा संवेदक इंजिनात दर सेकंदास किती ग्रॅम हवा शिरते ते मोजतो. त्यातील सूक्ष्म तार किंवा पातळ पटल विजेने तापवून आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी अधिक उष्ण ठेवले जाते. हवा वाढली की तार अधिक वेगाने थंड होते व तिचे तापमान राखण्यास अधिक विद्युतप्रवाह लागतो. त्यावरून हवेचे वस्तुमान कळते. तप्त तारेची उष्णताहानी आणि प्रवाहाचा वेग यांचा संबंध एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडला. हा संवेदक त्याच तत्त्वावर आधारलेला आहे.

पेट्रोल इंजिनात एक किलो इंधनाच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणून तेथे या मापावरून इंधन ठरते. डिझेल इंजिनात मात्र त्याचा उपयोग मुख्यतः दोन गोष्टींसाठी होतो : धूर होऊ नये म्हणून इंधनाची कमाल मर्यादा ठरविणे आणि ईजीआर झडपेतून किती निष्कास वायू परत घ्यावयाचा ते ठरविणे. अनेक लहान पेट्रोल मोटारींत हा संवेदक नसतोच. तेथे दाबमापक संवेदकावरून हवेचा हिशेब केला जातो. म्हणून गाडीत कोणता संवेदक आहे, हे प्रथम पाहावे.

दोषाची कारणे व लक्षणे

आपल्याकडील काळ्या जमिनीची बारीक धूळ, विशेषतः ऊसवाहतुकीच्या हंगामात, एअर फिल्टरवर मोठा भार टाकते. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फिल्टर वारंवार झाडल्यास त्याचा कागद फाटतो आणि धूळ तारेवर बसते. धुळीचा थर उष्णतेस अडवतो, त्यामुळे संवेदक प्रत्यक्षाहून कमी हवा दाखवतो. हवा अपुरी आहे असे समजून नियंत्रक डिझेल आखडते घेतो व गाडी चढावर दम सोडते.

हीच तक्रार इतर कारणांनीही उद्भवते. टर्बोपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप फाटला, तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. तेव्हा ओढ कमी होते व काळा धूर येतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात संवेदकापुढील गळतीतून न मोजलेली हवा आत येते व मिश्रण विरळ होते. तेथे इंधन-दुरुस्तीचा आकडा संथ चालीत मोठा असून गती वाढविताच उतरत असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. भाराबरोबर तो वाढत असेल, तर मळलेल्या संवेदकाचा.

निदानाचा क्रम

१. फिल्टर, त्याची पेटी, पाइप व पट्ट्या डोळ्यांनी तपासाव्यात.

२. जोडणीचा प्लग, वायर, विद्युतपुरवठा व अर्थिंग मल्टिमीटरने पाहावे. पी ०१०२ हा संकेतांक संदेश फार क्षीण असल्याचे व पी ०१०३ तो फार प्रबळ असल्याचे सांगतो. तुटलेल्या किंवा चिकटलेल्या वायरीनेही हे घडते. पी ०१०१ म्हणजे माप अपेक्षेशी जुळत नाही, एवढेच.

३. स्कॅनरवरील मापाची गणिताशी तुलना करावी. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाइतकी हवा घेते. २.५ लिटरचे डिझेल इंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांनी चालत असता सेकंदास सुमारे १६.७ लिटर हवा ओढू शकते. हवेची घनता लिटरला १.१ ग्रॅम व भरण ८५ टक्के धरल्यास हे माप १५ ते १६ ग्रॅम येते. ईजीआर झडप उघडी असल्यास ते कमी दिसणे स्वाभाविक आहे. म्हणून स्कॅनरद्वारे झडप बंद करून माप वाढते का, ते पाहावे. वाढले नाही, तर झडपच अडकलेली असू शकते.

४. संवेदकाचा प्लग काढल्यास नियंत्रक पर्यायी मूल्य वापरतो. त्यानंतर गाडी सुधारली, तर संवेदकावरील संशय बळावतो. तथापि हा निर्णायक पुरावा नव्हे.

५. संवेदक मळलेला आढळल्यास त्यासाठीच तयार केलेल्या फवाऱ्याने तो स्वच्छ करावा व पूर्ण वाळू द्यावा. तारेस बोट, कापड वा ब्रश लावू नये. यानंतरही माप न जुळल्यास संवेदक बदलणे योग्य ठरते.

समारोप

वरील क्रमातील पहिल्या दोन पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. सर्वांत महाग उपाय शेवटी येतो. निरीक्षण, अपेक्षित मूल्याचे गणित, एका वेळी एकाच घटकात बदल आणि मगच निष्कर्ष, ही विज्ञानाची परिचित रीतच येथे उपयोगी पडते. पदवीच्या भौतिकशास्त्र वर्गात तिसऱ्या पायरीचे गणित सहज सोडविता येईल आणि गावातील गॅरेजमध्ये ते पडताळूनही पाहता येईल. महाविद्यालय व कारागीर यांच्यातील अंतर अशा उपक्रमांतून कमी झाल्यास विद्यार्थ्यांचे आकलन वाढेल आणि जीपमालकाचा निष्कारण होणारा खर्चही वाचेल.