प्रीअँप आणि रेकॉर्डर : पातळी कशी जुळवाल?

कर्जत तालुक्यातल्या मिरजगावात किंवा आसपासच्या गावांत हरिपाठ, कीर्तन घरच्या रेकॉर्डरवर टिपायचे असेल, तर माइक आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये वेगळा प्रीअँप लावता येतो. पण पातळी जुळली नाही तर आवाज फाटतो किंवा खरखर वाढते.

माइकमधून निघणारा संदेश काही मिलिव्होल्टचाच असतो. प्रीअँप तो वाढवून ‘लाइन’ पातळीला आणतो. ही पातळी स्टुडिओच्या उपकरणांत साधारण 1.23 व्होल्ट, तर घरगुती उपकरणांत 0.316 व्होल्ट धरतात. फरक जवळपास 12 डेसिबलचा. म्हणून स्टुडिओचा प्रीअँप घरगुती रेकॉर्डरला सहज भारी पडतो.

प्रीअँपची वायर रेकॉर्डरच्या ‘लाइन-इन’मध्येच लावा. ‘माइक-इन’मध्ये लावली, तर वाढलेला संदेश पुन्हा वाढतो. लाइन-इन नसेलच, तर मध्ये संदेश कमी करणारा 20 ते 40 डेसिबलचा पॅड लावा. रेकॉर्डरचा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा बंद ठेवा. कंडेन्सर माइकला तो प्रीअँपमधून द्या.

आधी प्रीअँपचा गेन ठरवा, मग रेकॉर्डरचा. चाचणी संथ अभंगावर नको. टाळ-पखवाज टिपेला असताना घ्या. तेव्हा मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. 24 बिटवर रेकॉर्डिंग केले, तर थोडा हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो; फाटलेला मात्र पूर्ववत होत नाही. तेव्हा शंका असेल तिथे गेन कमीच ठेवा.