सही दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये

राज्य सरकारच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर दर भरण्यासाठी एक एक्सेल फाइल दिलेली असते. ठेकेदार आणि पुरवठादार तिला बीओक्यू म्हणतात. ती डाउनलोड करायची, मोकळ्या सोडलेल्या रंगीत चौकटीत आपला दर टाकायचा, सेव्ह करायची आणि परत अपलोड करायची. ऐकायला पाच मिनिटांचे काम. पण फाइलचे नाव चुकून जरी बदलले, तरी निविदा बाद. एक्सेलमधले मॅक्रो सुरू केले नाहीत, तर फाइल नीट चालत नाही. सगळे व्यवहार मोबाइलवर उरकणाऱ्या माणसाला इथे संगणकासमोरच बसावे लागते. शिवाय वेळ धरली जाते ती सर्व्हरच्या घड्याळाची.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेले. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून खरेदी करणारे इथे कमी नाहीत. जिल्हा परिषद आहे, पंचायत समित्या आहेत, महापालिका आहे, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि शिर्डीचे साईबाबा संस्थान आहे. नगर शहराभोवती लष्कराची केंद्रे आहेत. संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्थाही इथलीच. घ्यायला इतके जण आणि द्यायला नागापूर एमआयडीसीपासून तालुक्यांतल्या वर्कशॉपपर्यंत शेकडो हात. तरी या दोघांच्या मधली ऑनलाइन वाट अनेक छोट्या उद्योजकांना अजून आपली वाटत नाही.

नागापूर एमआयडीसीतला, शाळांसाठी लोखंडी बाके बनवणारा एखादा कारखानदार डोळ्यांसमोर आणावा. राज्य सरकारने 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने खरेदीची नवी नियमपुस्तिका लागू केली आणि तिच्यात तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा आवश्यक ठरवली. ई-निविदा येण्याआधी हा माणूस बंद पाकीट घेऊन स्वतः कार्यालयात जायचा. आता त्याला सगळ्यात आधी डिजिटल सही लागते. 1 जानेवारी 2021 पासून क्लास 2 ची सही देणे बंद झाले, म्हणजे क्लास 3 चीच घ्यावी लागते. ती यूएसबी टोकनमध्ये येते आणि तिला पिन असतो. पिन वारंवार चुकला की टोकन लॉक होते. टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारे सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे लागते. यातले काहीही जुने असले, तर सही उमटत नाही.

पुढे तांत्रिक लिफाफा. जीएसटी, पॅन, उद्यम नोंदणी, सीएने प्रमाणित केलेली तीन वर्षांची उलाढाल, अनुभवाचे दाखले, प्रतिज्ञापत्र. प्रत्येक कागद काळ्या-पांढऱ्या रंगात, कमी डीपीआयवर स्कॅन करायचा, म्हणजे फाइल जड होत नाही. निविदा शुल्क आणि बयाणा रक्कम ऑनलाइन भरायची. एनईएफटीचा मार्ग निवडला तर पैसे पोहोचल्याची नोंद व्हायला वेळ लागतो, म्हणून जाणकार ते आदल्या दिवशीच भरतात. शेवटी निविदा ‘फ्रीझ’ केल्यावर पोचपावती निघते. ती निघाली नाही, तर आधी केलेले सगळे व्यर्थ.

एवढे सगळे बघून तो उठतो आणि टेंडर भरून देणाऱ्या दुकानात जातो. त्याला दोष देता येणार नाही. कारखान्यात वेल्डिंग सुरू असते, डिलिव्हरीची घाई असते, कामगार सांभाळायचे असतात. वर्षातून चार-पाच निविदांसाठी हे शिकत कोण बसणार? दुकानदार पैसे घेतो, पण काम चोख करतो. फक्त टोकन त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहते आणि पिन पाकिटावर पेनाने लिहिलेला असतो.

खरा धोका इथे आहे. ही यंत्रणा उभारणाऱ्यांनी भरलेला दर गुप्त राहावा म्हणून फार काळजी घेतली. दर कूटबद्ध होतो आणि निविदा उघडायचा अधिकार ज्यांना आहे, त्यांच्या डिजिटल सहीशिवाय तो वाचता येत नाही. ठरलेल्या वेळेआधी अधिकारीसुद्धा तो पाहू शकत नाही. मात्र बीओक्यूमध्ये आकडा टाकणाऱ्या दुकानदाराने तो पाहिलेलाच असतो. त्याच दुकानात त्याच कामाची दुसरी निविदाही भरली जात असेल, तर गुप्तता उरते कुठे? माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 42 सांगते, की सहीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी सहीधारकाची. म्हणजे उद्या काही वाद झाला, तर सही केली कोणी, या प्रश्नाचे उत्तर कारखानदारालाच द्यावे लागेल.

संगणकाची अडचण शिकून सुटते. अटींची सुटत नाही. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून या जिल्ह्यात फॅब्रिकेशनचे कसब कारखान्यांच्या आधाराने वाढले. गाळप संपले की ऑफ-सीझनची दुरुस्ती निघते आणि हात चांगला आहे म्हणून बोलावणे येते. वर्षानुवर्षे असे काम केलेल्या माणसाकडे कसब असते, पण शासकीय कार्यालयाला तेवढाच पुरवठा केल्याचा दाखला नसतो. निविदेत अनुभवाचा दाखला मागितला, की वीस वर्षांचा कारागीर तांत्रिक लिफाफ्यातच बाद होतो. त्याचा दर उघडलाही जात नाही.

केंद्राच्या खरेदीची अडचण जरा वेगळी. ऑगस्ट 2016 मध्ये जेम हा सरकारी बाजार सुरू झाला. तिथे मिळणारा माल केंद्रीय खात्यांना तिथूनच घ्यावा लागतो, त्यामुळे नगरच्या लष्करी केंद्रांना माल द्यायचा तर जेमवर दुकान मांडणे आलेच. तिथे वस्तू ठरलेल्या वर्गवारीत बसवावी लागते. ऑर्डरप्रमाणे वेगवेगळे काम करणाऱ्या वर्कशॉपचा माल अशा तयार वर्गवारीत सहज बसत नाही. सवलती आहेत. सूक्ष्म व लघुउद्योगांकडून किमान 25 टक्के खरेदी करण्याचे केंद्राचे धोरण आहे, पात्र उद्योगांना बयाणा रकमेतून सूट आहे. 9 ऑगस्ट 2024 पासून दहा लाखांपर्यंतच्या ऑर्डरला जेमचे व्यवहार शुल्कही नाही. पण बयाणा रकमेची सूट वस्तू आणि सेवांसाठी. बांधकामाच्या ठेक्यांना ती मिळत नाही, आणि नुसता माल घेऊन विकणाऱ्यालाही नाही. आपण कशात मोडतो, हे ठाऊक नसलेले अनेक जण निष्कारण पैसे अडकवून बसतात.

मग ई-निविदांचा उपयोग झाला की नाही? लुईस-फॉपेल, नेगर्स, ऑल्केन आणि पांडे या चार अर्थशास्त्रज्ञांनी भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक कामांचा अभ्यास करून 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. सरकारला पडणारी किंमत घटल्याचे त्यांना दिसले नाही. भारतात रस्त्यांचा दर्जा मात्र सुधारला होता, इंडोनेशियात कामांचा विलंब कमी झाला होता आणि काम मिळवणाऱ्यांत त्या भागाबाहेरच्या ठेकेदारांचे प्रमाण वाढले होते. ‘बाहेरचा येऊन काम घेऊन जाईल’ ही तालुक्यातल्या ठेकेदाराची भीती म्हणूनच पोकळ नाही. पण गावाला चांगला रस्ता मिळत असेल, तर पारदर्शक पद्धतीला विरोध करणे योग्य होणार नाही. स्थानिक माणसाला त्या स्पर्धेत उतरण्याइतके सज्ज करणे हाच उपाय आहे.

आणि पैसे. माल स्वीकारल्याचा दाखला निघाल्यावर दहा दिवसांत पैसे द्यावेत, असे जेमचे बंधन आहे. एमएसएमई कायदा, 2006 प्रमाणे कमाल मुदत 45 दिवसांची. पण 2025 मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले होते. निविदा ऑनलाइन, बिल मात्र टेबलावर पडून, असे होत असेल तर छोटा उद्योजक या वाटेला का जाईल? त्याच्याकडे सहा महिने थांबण्याइतके भांडवल नसते. ही बाजू सरकारनेच सुधारायची आहे, दुसऱ्या कोणाच्या हातात ती नाही.

जिल्हा उद्योग केंद्राने आणि एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनांनी तालुक्याच्या गावी जाऊन निविदा भरण्याचे प्रत्यक्ष वर्ग घ्यावेत. भाषण नको. संगणक, टोकन आणि खरी बीओक्यू फाइल समोर ठेवून शिकवावे. महाटेंडर्सवर निविदाधारकांसाठी मार्गदर्शिका आहे, तिचे सोपे मराठी प्रात्यक्षिक हवे. आणि ज्यांनी डिजिटल सही काढली आहे, त्यांनी टोकन दुकानातून परत आणावे, पिन बदलावा आणि पुढच्या निविदेचा दर तरी स्वतःच्या हाताने भरावा.