मोडलेला टॅप आणि पंपाचे केसिंग

सभासद बंधूंनो, पाण्याची पाळी तोंडावर आली, की पंपाच्या बोल्टाचे आटे गेल्याचे ध्यानात येते. घाईने आटे पाडताना टॅप आतच मोडतो आणि छिन्नी-हातोडा निघतो. आमचे सांगणे एवढेच, बिडाच्या केसिंगवर घाव घालू नका. ते तडकले, तर उसाला पाणी कुठले? साधे ड्रिलही कडक टॅपला लागत नाही.

एक्स्ट्रॅक्टर नावाचे हत्यार आणा. टॅपला खाचा तीन असतील तर तीन बोटांचे, चार असतील तर चार बोटांचे. आधी भोकातला कीस काढून पातळ तेल सोडा. बोटे खाचांत घालून कडे पार खाली सरकवा, नाहीतर बोटे पिळवटतात. मग हलकेच पुढे-मागे हलवा. सैल झाल्यावरच उलटे फिरवा. जोर नको! आत टॅपचा चुराच झाला असेल, तर मात्र बोटांना धरायला काही राहत नाही. मग विद्युत ठिणगीने टॅप झिजवून काढणारे वर्कशॉप गाठावे लागते.