‘चालत गेला आणि परत आलाच नाही’: कोविड, लस आणि ठाकुरवाडी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी एक नाही. माथेरानच्या डोंगराखाली, भीमाशंकरच्या पायथ्याला, बोरघाटाच्या अंगाला ठाकर आदिवासींच्या वाड्या पसरल्या आहेत. 2021 साली लशीची गाडी आली की यातल्या कित्येक वाड्यांत दारं लागायची, बाया-माणसं रानात जायची. सरकारी बैठकांत यावर एका शब्दात निकाल लागे: अंधश्रद्धा. तो निकाल मला मान्य नाही. वाडीत बोललं जाणारं काही सपशेल खोटं होतं, काही अर्धं खरं होतं, आणि काही गैरसमज तर वाडीचे नव्हतेच, सरकारी खात्याचे होते.

‘माणूस चालत दवाखान्यात गेला, दोन दिवसांत मेला. तिथेच काहीतरी करतात.’

मारतात हे खोटं, पण चालत गेला हे अगदी खरं. कोविडमध्ये रक्तातला ऑक्सिजन गुपचूप उतरतो. निरोगी माणसाचा 95 च्या वर असतो. तो 80 वर आला तरी काही रुग्णांना धाप लागत नाही, ते बोलतात, चहा पितात, स्वतःच्या पायांनी चढ-उतार करतात. बोटाला ऑक्सिमीटर लावल्याशिवाय हे कळत नाही, आणि घरोघरी ऑक्सिमीटर ही शहरातली गोष्ट. त्यात वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत तास-दीड तासाची पायवाट असेल तर आधी घरचा काढा, मग भगत, मग ओळखीचा खासगी डॉक्टर आणि सगळ्यात शेवटी कशेळ्याचं किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय, असा क्रम लागतो. तिथून पुढे पनवेल-अलिबागला पाठवलं की तो माणूस घरच्यांच्या नजरेआड गेलाच. इतक्या उशिरा पोचलेल्यांतले बरेच वाचले नाहीत. वाडीने त्याचा अर्थ दवाखान्यात माणसं मरतात असा लावला, कारण तिला दिसलं ते तेवढंच.

‘किडनी काढून घेतात, म्हणून तोंड दाखवत नाहीत.’

मेलेल्याची किडनी दुसऱ्याला बसवण्यासाठी काढायची तर सहसा त्याचा मेंदू मृत झालेला आणि हृदय मात्र चालू असावं लागतं, शस्त्रक्रिया परवाना असलेल्या रुग्णालयात व्हावी लागते, घेणाऱ्याशी गट जुळावा लागतो, आणि ती काही तासांत बसवावी लागते. कोविडने गेलेल्याचा अवयव त्या काळात कुणी घेतलाच नसता. तेव्हा ही अफवा पायापासून खोटी.

‘तोंड दाखवत नाहीत’ ही तक्रार मात्र खोटी नव्हती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 15 मार्च 2020 च्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं, की कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेन तोंडाकडून उघडावी आणि नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ द्यावं. देहाला हात न लावता करायचे विधीही चालणार होते. कागदावर मुभा होती, पण प्रत्यक्षात असंख्य कुटुंबांना बांधलेली पिशवी लांबून दिसली किंवा तीही दिसली नाही. मग त्या पिशवीत काय आहे याच्या गोष्टी रचल्या गेल्या तर दोष गोष्ट रचणाऱ्यावर किती टाकायचा?

हे आजचं नाही. 1896 च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेग असताना गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण आत रुग्णांना मारतात अशी बोलवा होती. माणसांचं तेल काढतात, असंही तेव्हा बोललं जाई. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले आणि 22 जून 1897 ला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी 4 फेब्रुवारीला झालेला साथरोग कायदा 2020 मध्येही महाराष्ट्रात लागू झाला. या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालत नाही.

‘प्रत्येक पेशंटमागे दवाखान्याला दीड लाख मिळतात.’

असा दर कुठेच नव्हता. केंद्र सरकारने तेव्हाच हे खोटं असल्याचं जाहीर केलं होतं. मे 2020 मध्ये राज्याने महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्या रहिवाशांना लागू केली आणि तिच्यात बसणाऱ्या उपचारांचे पैसे रुग्णालयाला योजनेतून जात, एवढं खरं. बहुधा त्यातूनच ही कथा वाढली.

‘लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, मूल होत नाही.’

दोन वर्षांची अफवा एका नोबेल विजेत्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर मे 2021 मध्ये मोबाइलवरून फिरली. तसं ते कधी बोललेच नव्हते. नपुंसकतेच्या अफवेला देशाच्या औषध नियंत्रकांनी जानेवारीतच निव्वळ बकवास म्हटलं होतं. लशीतून कोविडच होतो, हेही होणं शक्य नव्हतं. कोव्हॅक्सिनमधला विषाणू मारलेला होता आणि कोव्हिशिल्डमध्ये कोरोनाचा जिवंत विषाणू नव्हताच.

पण ‘लशीचा काहीही त्रास नाही’ असं ठोकून सांगणाराही खोटंच बोलत होता. ताप आणि अंगदुखी नेहमीची. कोव्हिशिल्डमुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होत. तीव्र अ‍ॅलर्जीने झालेला एक मृत्यू लशीमुळेच झाल्याचं केंद्राच्या समितीने जून 2021 मध्ये मान्य केलं. अर्धा तास बसवून ठेवत ते यासाठीच. हे आधीच मोकळेपणाने सांगितलं असतं तर पहिल्याच तापाला वाडी बिथरली नसती. शिवाय ताप म्हणजे बुडालेली मजुरी. अठरा वर्षांपुढच्यांना केंद्राची मोफत लस 21 जूनला सुरू झाली. कर्जतच्या खाचरांत तेव्हा भाताच्या कामाची धांदल असते. दोन दिवस अंथरुणावर पडून राहणं कुणाला परवडणार होतं?

‘गेलो तरी टोचत नाहीत, माणसं मोजत बसतात.’

कोव्हिशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असत आणि बाटली उघडल्यावर चार तासांत संपवावी लागे. डोस वाया गेले की सिस्टरला वर जाब द्यावा लागे. म्हणून समाजमंदिरात तिघेच जमले तर ती बाटली फोडायला धजत नसे. ‘आजी, थांबा जरा, अजून सात जण येऊ द्या.’ आजी दुपारपर्यंत थांबे आणि मग उठून जाई. यात काळंबेरं काही नव्हतं, पण कारण सांगायचं कुणाला सुचत नसे.

आता खात्याचा गैरसमज: ‘आदिवासी लसच घेत नाहीत.’

याच वाड्यांतल्या आया पोरांना पोलिओचे डोस पाजतात, सुया टोचून घेतात, कारण ओळखीची आशा ताई वर्षानुवर्षं दारात येते. कोविडच्या लशीसाठी त्यांना आधी काय दिलं? इंग्रजीतलं पोर्टल, रेंज नसलेल्या डोंगरात ओटीपी, आणि मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरलेली तालुक्याची केंद्रं. कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर चार आठवड्यांवरून सहा ते आठवर आणि मग बारा ते सोळावर गेलं. शास्त्राला कारण होतं, पण वाडीला वाटलं यांनाच काही माहीत नाही. पुढे नोव्हेंबरात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात तर डोस नसेल तर रेशन नाही असा फतवा निघाला. कुणालाही लशीची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 ला स्पष्ट केलं.

‘सरकार मेलेल्यांचा आकडा लपवतं.’

इथे वाडीच्या पारड्यात वजन टाकावं लागतं. जानेवारी 2022 पर्यंत राज्यात नोंदलेले कोविड मृत्यू सुमारे 1 लाख 41 हजार होते, तर मृतांच्या नातेवाइकांना मिळणाऱ्या पन्नास हजारांच्या मदतीसाठी आलेले अर्ज दोन लाखांच्या वर गेले होते. मदतीसाठीची व्याख्या व्यापक होती आणि काही अर्ज दुबार होते, हे धरूनही फरक उरतो. केंद्राने मे 2025 मध्ये दिलेल्या नोंदणीनुसार देशात 2020 मध्ये सुमारे 81 लाख मृत्यू झाले, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. त्या वर्षीचे अधिकृत कोविड मृत्यू साडेतीन लाखांच्या आत. नोंदणी सुधारली हे उत्तर सगळ्या वाढीला पुरणार नाही. लपवले म्हणा किंवा मोजलेच नाहीत म्हणा, आकडा कमी होता.

कोविडच्या सुईवरचा राग पोरांच्या सुईवर मात्र काढू नका. साथीच्या काळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं आणि 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, राज्यात लहान मुलं दगावली. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. घरात लहान मूल असेल तर त्याचं कार्ड आजच काढून बघा. दुसऱ्या डोसची जागा रिकामी असेल तर आशा ताईला निरोप द्या, आणि टोचण्याआधी जे विचारायचं ते तिला बिनधास्त विचारा.