पन्नाशीत पाण्यावर

हुबळीला नदी का नाही, याचं उत्तर धारवाडच्या उंचवट्यावर मिळतं. तिथल्या उळवी बसवण्णाच्या देवळाबद्दल सांगतात, की छपराच्या एका बाजूचा पाऊस अरबी समुद्राला जातो आणि दुसऱ्या बाजूचा बंगालच्या उपसागराला. छपराचं थोडं रंगवून सांगितलेलं असेल, पण भूगोल खरा आहे. धारवाडात सोमेश्वरापाशी उगवणारी शाल्मला पश्चिमेला वळते, बेडती होऊन मागोडच्या कड्यावरून कोसळते आणि गंगावळी या नावानं समुद्र गाठते. पूर्वेकडचा बेण्णीहळ्ळ मलप्रभेत आणि मलप्रभा कृष्णेत. ही जोडशहरं बसली आहेत ती नेमकी पाणी दोन समुद्रांना वाटून देणाऱ्या जागेवर. प्यायचं पाणी मात्र त्यांना सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणातून आणावं लागतं, आणि आठ-आठ दिवस नळाची वाट बघत घागरी भरून ठेवणं इथल्या कित्येक घरांना अंगवळणी पडलेलं.

तेव्हा हुबळीच्या दाजीबानपेठेत, तुळजाभवानीच्या देवळाच्या अवतीभवती, गल्ल्यावर बसून पन्नाशी गाठलेल्या दुकानदाराला पोहता येत नसेल तर त्यात काय विशेष? उणकलचं तळं आहे, पण तिथं माणसं वारा खायला आणि नावेत बसायला जातात. विशेष आहे ते हे, की असा माणूस एके दिवशी पोहायच्या टँकवर जातो, कठडा घट्ट धरून उभा राहतो, आणि ज्या पाण्याला तो भितो ते त्याला तोलून धरायला तयारच असतं.

हिशेब मांडून बघू. सत्तर किलोच्या माणसानं छाती भरून श्वास घेतला, की त्याच्या शरीराचं आकारमान साधारण बहात्तर लिटर होतं. गोडं पाणी लिटरला एक किलो. म्हणजे सत्तर लिटर पाणी बाजूला सारलं की वजन फिटलं. वरचे दोनेक लिटर शिल्लक. तेवढा भाग पाण्याबाहेर राहू शकतो, हातपाय न हलवता. सगळा श्वास सोडला तर ही शिल्लक संपते आणि बरेच जण हळूहळू खाली जातात. तरंगणं आणि बुडणं यांच्यामधलं अंतर जेमतेम एका श्वासाचं आहे!

आता गंमत बघा. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं आणि आकारानंही जवळपास तितक्याच लिटरचं. घाबरलेला माणूस पहिलं काय करतो? डोकं वर काढतो. शिल्लक दोन लिटरांची आणि हा बाहेर काढू बघतो चार लिटर. व्यवहार बुडीतच जायचा. शिवाय हवा छातीत आणि जड भाग कमरेखाली, त्यामुळे शरीर पाण्यात तराजूच्या दांडीसारखं वागतं: डोकं उचललं की पाय खाली. "काका, डोकं आत घाला की वो!" असं काठावरून ओरडणाऱ्या पोरानं आर्किमिडीज वाचलेला नसेल, पण तो सांगतो ते अगदी शास्त्रशुद्ध.

विहिरीत पोरांना पोहायला शिकवणाऱ्यांनी हा तुटवडा केव्हाच ओळखला होता. पाठीला बांधलेला वाळका भोपळा जेवढे लिटर पाणी सारतो, जवळजवळ तेवढे किलो उचलून धरतो. तीन-चार लिटरचा भोपळा म्हणजे बाहेर काढलेल्या डोक्याची सहज भरपाई. पुढं भोपळ्याच्या जागी पत्र्याचा डबा आला, मग प्लॅस्टिकचा कॅन. हिशेब तोच राहिला.

आणि वय? इथं वय चक्क मदतीला येतं. चरबी पाण्याहून हलकी, स्नायू किंचित जड, हाडं बरीच जड. वाढत्या वयात चरबीचा वाटा सहसा वाढतो, हाडं विरळ होतात. विशीतल्या काटक पैलवानाचे पाय तळाला लागतात आणि सुटलेल्या पोटाचे काका अलगद वर राहतात. आयुष्यात कुठंतरी पोट कामाला आलं म्हणायचं.

खरी अडचण श्वासाची. गुदमरल्यासारखं वाटतं तेव्हा बहुधा प्राणवायू संपलेला नसतो; रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि मेंदू त्याच्यावरच हाकाटी करतो. नवशिका तोंड पाण्यात घालताना श्वास कोंडतो, वर आला की घाईनं आणखी हवा ओढतो. पण जुनी बाहेर गेलेलीच नसते, नवीन मावणार कुठं? म्हणून आधी पाण्यात बुडबुडे सोडायला लावतात. मोठ्या माणसांना हे पोरकट वाटतं, चारचौघांत लाजही वाटते, आणि माझ्या मते उशिरा शिकणाऱ्याचा वेळ भीतीइतकाच या लाजेत जातो.

मेंदू त्या वयात शिकेल का, ही शंका रास्त आहे. हॅम्बर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीच्या आसपासच्या लोकांना तीन महिने तीन चेंडू झेलत राहायला शिकवलं. ज्यांना ते जमलं त्यांच्या मेंदूतला करडा भाग, हालचाल टिपणाऱ्या जागी, वाढलेला दिसला. सराव थांबल्यावर तो पुन्हा ओसरला. चेंडू म्हणजे पोहणं नव्हे, हे कबूल. पण साठीतला मेंदूही नव्या कसबासाठी जागा करतो, एवढं त्यातून दिसलं.

मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं, की पायांवर वजनाचा साधारण दहावा हिस्साच येतो, म्हणून दुखरे गुडघेही कुरकुरत नाहीत. त्याच वेळी पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं ते यासाठी. बाकीच्यांच्या बाबतीत छातीत रक्त वाढल्याचं बघून शरीराची समजूत होते, की अंगात पाणी फार झालं. मूत्रपिंडं लगेच कामाला लागतात. कठडा सोडायला नुकतीच हिंमत केलेले काका अर्ध्या तासात गडबडीनं शिडीकडे निघतात, ते भीतीनं नव्हे.