फुगा किती फुगवावा?
मेंदूच्या लहरींवरून जोखमीचा अंदाज आणि श्रावकाचा विवेक

गोंदिया जिल्ह्यातील सौंदड हे सडक अर्जुनी तालुक्यातील गाव नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. एका बाजूने अहोरात्र धावणारी जड वाहने, दुसऱ्या बाजूने धानाच्या बांध्या आणि थोड्याच अंतरावर नवेगाव-नागझिऱ्याचे अरण्य. अशा गावी जोखीम हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. पहिल्या सरीवर विसंबून पऱ्हे टाकणारा शेतकरी जोखीम घेतो. धानाचे भाव वाढतील या आशेने माल राखून ठेवणारा व्यापारी जोखीम घेतो. भरधाव ट्रकला मागे टाकण्यासाठी दुचाकीचा वेग वाढवणारा तरुणही जोखीमच घेतो. तिघांची कृती एका शब्दात बसते, परंतु तिघांचे अंतःकरण सारखे नसते.

हे अंतःकरण यंत्राला वाचता येईल काय, हा प्रश्न आज विज्ञानापुढे आहे.

मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोक्याच्या त्वचेवर छोटे विद्युत्-अग्र लावून या लहरी टिपल्या जातात. त्यांचे माप व्होल्टच्या दशलक्षांश भागात, म्हणजे मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागते, इतक्या त्या क्षीण असतात. फेफऱ्याच्या निदानासाठी डॉक्टर जो 'ईईजी' काढावयास सांगतात, तो हाच.

जोखीम मोजण्यासाठी संशोधकांनी काही खेळ रचले. एका खेळात पडद्यावर फुगा दिसतो. प्रत्येक वेळी हवा भरली की थोडे पैसे मिळतात, पण फुगा फुटला की त्या फुग्याची सारी कमाई जाते. कोठे थांबावयाचे, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. दुसऱ्या खेळात पत्त्यांचे चार गठ्ठे असतात. त्यांतील दोन मोठा लाभ दाखवतात आणि अखेरीस त्याहून मोठी हानी करतात. हा खेळ १९९४ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथील संशोधकांनी मांडला. कपाळामागील मेंदूच्या विशिष्ट भागास इजा झालेले रुग्ण तोटा होत असतानाही त्याच घातक गठ्ठ्यांकडे वळत राहतात, असे त्यांना आढळले.

पुढे स्वित्झर्लंडमधील डारिया क्नॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, उजव्या बाजूच्या या अग्रभागाचे कार्य चुंबकीय स्पंदांनी काही काळ मंद केले असता निरोगी माणसेही अधिक धाडसी पर्याय निवडू लागतात. २००९ मध्ये लोरेना जानोत्ती व सहकाऱ्यांनी स्वस्थ बसलेल्या माणसांच्या लहरी आधी नोंदविल्या व नंतर त्यांना जोखमीचा खेळ दिला. ज्यांच्या उजव्या अग्रभागाची विश्रांतीतील सक्रियता कमी होती, त्यांनी अधिक जोखीम घेतल्याचे आढळले. खेळ सुरू होण्यापूर्वीच त्याची चाहूल लहरींत होती.

येथूनच यंत्रशिक्षणाचा प्रवेश होतो. अनेकांच्या लहरी आणि त्यांनी खेळात केलेल्या निवडी संगणकाला दिल्या जातात. त्यांतील साम्य शोधून तो नव्या माणसाविषयी अंदाज बांधतो. मात्र त्याची परीक्षा कधीही न पाहिलेल्या माणसांवर घेतली पाहिजे. त्याच व्यक्तींच्या नोंदी शिकवणीत आणि परीक्षेतही आल्या, तर पाठांतराला ज्ञान समजण्याची चूक होते. शिवाय प्रयोगशाळेतील फुगा फुटला तर थोडे पैसे जातात, महामार्गावर चूक झाली तर प्राण जातात. खेळातील साहसावरून जीवनातील साहस ताडणे म्हणूनच कठीण.

गणिताची आणखी एक बाजू ध्यानात घ्यावी. समजा, एक हजार तरुणांपैकी खरोखर बेफिकीर असे पन्नास आहेत आणि यंत्र शंभरातील नव्वद वेळा अचूक ठरते. ते पन्नासांपैकी पंचेचाळीस जणांना ओळखील. परंतु उरलेल्या साडेनऊशे विवेकी तरुणांपैकी पंचाण्णव जणांवरही तोच शिक्का मारील. म्हणजे शिक्का बसलेल्या एकशेचाळीस जणांपैकी पंचाण्णव निर्दोष! नव्वद टक्के अचूकतेचे यंत्र असूनही दर तिघांतील दोघांवर अन्याय. नोकरी, विमा वा विवाहसंबंध अशा निर्णयात हे यंत्र वापरले, तर काय होईल, याची कल्पना करावी.

ही भीती निराधार नाही, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत दीर्घकाळ कार्य केलेले चंपाडी रामन मुकुंदन यांनी 'ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन्स सिग्नेचर' नावाची चाचणी विकसित केली. प्रसंगाशी निगडित वाक्ये ऐकताना मेंदूत उमटणाऱ्या लहरींवरून तो प्रसंग त्या व्यक्तीने स्वतः अनुभवला आहे की नाही, हे कळते, असा तिचा दावा. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात एका तरुणीला जन्मठेप सुनावली, तेव्हा अन्य पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेतला. त्याची चर्चा जगभर झाली. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या पद्धतीच्या शास्त्रीयतेवर प्रतिकूल मत दिले. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, नार्को, पॉलिग्राफ व मेंदूची चाचणी कोणावरही तिच्या संमतीविना लादता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग न पाडले जाण्याचा राज्यघटनेतील हक्क मनाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

जैन दर्शनाने या प्रश्नाचा विचार निराळ्या वाटेने केला आहे. दुसऱ्याच्या मनातील भाव जाणणाऱ्या ज्ञानास मनःपर्ययज्ञान म्हटले आहे. ते कोणाला प्राप्त होते? केवळ संयमी मुनींना. अवधिज्ञान देव-नारकींनाही जन्मतः असते; मनःपर्यय मात्र संयमावाचून संभवत नाही. दुसऱ्याच्या मनात डोकावण्याचा अधिकार, ज्याने स्वतःचे मन जिंकले त्यालाच, असा यातून अर्थ घेता येईल. यंत्राला संयम नाही. म्हणून ते वापरणाऱ्याने तो पाळला पाहिजे.

दुसरा आधार स्याद्वादाचा. यंत्राचे उत्तर 'आहे' असे नसते, 'संभवतः आहे' असे असते. भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादातील सप्तभंगीची चर्चा केली होती. १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनीही 'संख्या' या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. संगणकाच्या उत्तरातील 'स्यात्' पुसून टाकला की अंदाजाचा निवाडा होतो आणि तेथेच अनर्थ घडतो.

तथापि या संशोधनाकडे पाठ फिरवणेही योग्य नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात वायदे व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. व्यापार ज्या घरांचा परंपरागत व्यवसाय आहे, तेथे या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पूर्वी पेढीवर वडीलधाऱ्यांचा शब्द मध्ये येत असे. आज मोबाइल आणि मुलगा यांच्या मध्ये कोणी नसते. त्यातच मोहाला आवर घालणारा मेंदूचा अग्रभाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. सप्तव्यसनांत जुगाराला अग्रस्थान देणाऱ्या आचार्यांनी ही जोखीम कोणत्याही यंत्राविना ओळखली होती.

त्यांनी उपायही सांगितला. मतिज्ञानाच्या चार पायऱ्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. प्रथम वस्तूचा स्पर्श, मग विशेष जाणण्याची इच्छा, मग निश्चय, मग स्मरण. मोह ईहेला वेळच देत नाही. दिसले की घेतले! अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक हा या घाईला घातलेला बांध आहे. व्यवहारापूर्वी हानीची मर्यादा ठरविणे, मोठा सौदा एक रात्र थांबवून घरातील ज्येष्ठांशी बोलणे, ही त्याचीच प्रापंचिक रूपे. परिग्रहपरिमाण व्रत तर फुगा कोठे थांबवावा, हे तो फुगविण्यापूर्वीच ठरवून देते.

सौंदडच्या परिसरात याचा दाखला पाण्यात दिसतो. भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचे 'मामा तलाव', ज्यांनी बांधले, त्यांना पाऊस कधी दगा देईल हे ठाऊक नव्हते. त्यांनी आकाशाचा अंदाज बांधण्याऐवजी जमिनीवर पाळ बांधली आणि येणाऱ्या पाण्याला मर्यादा घातली. उद्या यंत्र मनाच्या लहरी कदाचित अधिक अचूक मोजील. त्या लहरींना पाळ घालण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.